दिव्यांग मुलासाठी आरटीईतून खासगी शाळा: दाखल्यापासून वर्गातल्या बाकापर्यंत

दिव्यांग मुलाला खासगी शाळेत घालायचे आणि फी शासनाने भरायची, अशी सोय कायद्यात आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, म्हणजे ज्याला सगळे आरटीई म्हणतात तो कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातले कलम १२(१)(सी) सांगते की खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांच्याकडून फी घ्यायची नाही. १ ऑगस्ट २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग बालकाचा समावेश वंचित घटकात झाला. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो, वंचित घटकाला तो लागत नाही. त्यामुळे नोकरदार आईवडीलही आपल्या दिव्यांग मुलासाठी हा अर्ज करू शकतात. हे अनेकांना ठाऊकच नसते. ‘आपला पगार जास्त आहे, आपले नाव बसणार नाही’ असे समजून ते अर्जाची वेळ जाऊ देतात.

दुसरा रस्ता विशेष शाळांचा आहे. यातल्या अनुदानित शाळा संस्था चालवतात, पण पगार आणि मुलांचा खर्च यांसाठी अनुदान शासनाचे असते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे, कारण काही मुलांसाठी तोच जास्त योग्य असतो.

अर्जाआधी तपासायच्या गोष्टी

पहिली गोष्ट वय. आरटीईच्या जागा शाळेच्या प्रवेशाच्या वर्गातच असतात. कुठे तो वर्ग नर्सरी असतो, कुठे पहिली. मधल्या वर्गात, तिसरीत किंवा पाचवीत, या योजनेतून प्रवेश नाही. अलीकडच्या वेळापत्रकांत पहिलीसाठी मूल ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण केलेले आणि साधारण साडेसात वर्षांच्या आतले असावे लागते. नर्सरीसाठी तेच तीन ते साडेचार. दिव्यांग मुलाला शाळेत उशिरा घालण्याकडे घरच्यांचा कल असतो. ‘अजून नीट बोलत नाही, एक वर्ष थांबू’ म्हणता म्हणता वयाची वरची मर्यादा ओलांडली जाते आणि दार कायमचे बंद होते. थेरपी आणि शाळा एका वेळी चालू शकतात. बोलणे सुधारण्याची वाट पाहत बसू नका.

दुसरी गोष्ट टक्केवारी. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. इथे पुष्कळ जण अडतात, म्हणून काही प्रकार आधीच सांगून ठेवतो. एका डोळ्याने अजिबात दिसत नसेल आणि दुसरा डोळा पूर्ण चांगला असेल, तर टक्केवारी ३० येते. बौद्धिक अक्षमतेच्या मोजमापात मूल सीमारेषेवर असेल, तर २५ टक्के. फक्त एका कानाने ऐकू येत नसेल, तर कायद्याच्या व्याख्येत मूल बसत नाही, कारण तिथे दोन्ही कानांतला दोष मोजतात. नजर चष्मा लावून मोजतात, चष्मा काढून नव्हे. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) मोजमाप इसा नावाच्या चाळीस प्रश्नांच्या मापनावर होते. त्यात ७० गुण आले की ४० टक्के धरतात आणि पुढे गुण वाढतील तशी टक्केवारी चढते.

अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचे प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी देत नाहीत. पहिलीचे वय त्याआधीच उलटलेले असते. त्यामुळे या मुलांना दिव्यांग म्हणून २५ टक्क्यांत शिरणे प्रत्यक्षात जमत नाही. कुटुंबाकडे जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला असेल तर त्यावर अर्ज करावा आणि शाळेत गेल्यावर मदत मागावी. मदतीला ४० टक्क्यांची अट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधले शाळेचे कर्तव्य टक्केवारी कमी असलेल्या मुलालाही लागू आहे.

तिसरी गोष्ट शाळा. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार ही २५ टक्क्यांची सक्ती नाही. घराशेजारची नावाजलेली शाळा आरटीई प्रवेशाच्या पोर्टलवरच्या यादीत दिसत नसेल, तर बहुधा हेच कारण असते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट, असा बदल महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला. कोणी अजूनही तो नियम तोंडावर फेकला तर ही तारीख सांगा.

दाखला: वर्षभर आधी सुरुवात करा

जागांसाठीच्या सोडतीपेक्षा जास्त मुले दिव्यांगत्वाच्या दाखल्यापाशी गळतात. अर्जाची तारीख दरवर्षी बदलते. २०२५-२६ साठी अर्ज जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले होते, त्याच्या आदल्या वर्षी न्यायालयीन प्रकरणामुळे सगळेच लांबले. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे: अर्ज सुरू होण्याआधी पक्के प्रमाणपत्र घरात असणे.

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र फक्त स्वावलंबन पोर्टलवरून, यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पद्धतीनेच मिळते. हाताने लिहिलेला जुना दाखला असेल तर तो पोर्टलवर चढवून घ्या. अर्जात मुलाचे आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असलेले वैद्यकीय कागद लागतात. अर्ज करताना रुग्णालय निवडावे लागते. जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे ‘सिव्हिल’मध्ये, प्रत्येक प्रकारच्या तपासणीची सोय असेलच असे नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नसेल तर स्वमग्नतेची किंवा बौद्धिक अक्षमतेची तपासणी होत नाही आणि मुलाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. आधी एकदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन विचारा: या प्रकाराची तपासणी इथे होते का, आठवड्यातल्या कोणत्या वारी, आणि प्रमाणपत्र देणारे वैद्यकीय मंडळ कोणत्या वारी बसते. हे तीन प्रश्न विचारून घेतले की निम्मे हेलपाटे वाचतात.

तपासणीच्या दिवशी मुलाची तयारीही लागते. लहान मुलाच्या श्रवणाची बेरा चाचणी मूल झोपलेले असताना करतात. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूचा प्रतिसाद यंत्रावर उमटतो. मूल हलले की आलेख बिघडतो. मूल झोपलेच नाही तर पुढची तारीख मिळते, आणि ती दोन महिन्यांनंतरची असू शकते. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, खाण्यापिण्याबद्दल विभागाने सांगितलेले तंतोतंत पाळा. स्वमग्न मुलाच्या तपासणीला त्याला दररोज सांभाळणाऱ्या माणसाने जावे. इसातले प्रश्न डोळ्याला डोळा भिडवणे, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, आवाजाने घाबरणे असल्या गोष्टींबद्दल असतात. उत्तर देताना लाजून किंवा मायेपोटी ‘तसं काही फार नाही’ म्हटले की गुण कमी पडतात. घरी जे घडते तेच सांगा, न वाढवता आणि न लपवता. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ असले तर डॉक्टरांना दाखवता येतात.

प्रमाणपत्र हातात आले की या गोष्टी लगेच वाचा:

- मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी अक्षरन्‌अक्षर जुळते का. पडताळणी समितीत ‘आदित्य’ आणि ‘अदित्य’ एवढ्यावरून वाद होतो.
- प्रमाणपत्र कायमचे आहे की तात्पुरते. लहान मुलांना अनेकदा मुदतीचे देतात. मुदत प्रवेशाच्या महिन्यांत संपत असेल तर फेरतपासणीची तारीख आत्ताच घ्या.
- टक्केवारी ४० किंवा जास्त आहे का. कार्डाचा रंगही ते सांगतो: पांढरे ४० च्या आत, पिवळे ४० ते ८० च्या दरम्यान, निळे ८० आणि वर.

टक्केवारी कमी लागली असे वाटले तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. अपील करताना नवीन, सविस्तर तपासणी अहवाल जोडा. फक्त ‘अन्याय झाला’ असे लिहून काही हलत नाही.

पोर्टलवरचा अर्ज

प्राथमिक शिक्षण संचालनालय ही प्रक्रिया चालवते. पोर्टल शालेय शिक्षण विभागाचे आहे. तिथे ‘आरटीई २५ टक्के’ या दुव्यावर नवीन नोंदणी करून अर्ज क्रमांक घ्यायचा. अर्ज फुकट आहे. सायबर कॅफेत भरून घेत असाल तर मोबाइल नंबर स्वतःचा द्या, दुकानदाराचा नको. पुढचे सगळे पासवर्ड आणि संदेश त्याच नंबरवर येतात, आणि दुसऱ्याचा नंबर देऊन नंतर गोंधळात पडणारी घरे कमी नाहीत.

घराचे ठिकाण नकाशावर टाचणी लावून नोंदवावे लागते. शाळेपासूनचे अंतर त्या टाचणीवरून मोजले जाते आणि जवळच्या मुलाला आधी संधी मिळते. टाचणी चौकात किंवा मुख्य रस्त्यावर ठेवू नका, आपल्या इमारतीवर ठेवा. मुद्दाम शाळेजवळ सरकवू तर नकाच. पडताळणीत पत्ता आणि टाचणी जुळली नाही की मिळालेला प्रवेश रद्द होतो.

साधारण दहापर्यंत शाळा निवडता येतात. सगळ्या जागा भरण्याच्या नादात अशी शाळा टाकू नका जिथे मूल रोज पोचूच शकणार नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलासाठी प्रत्येक शाळा आधी बाहेरून पाहून या. फाटकापाशी पायरी आहे का, पहिलीचा वर्ग तळमजल्यावर आहे का, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद आहे. नंबर लागलेली जागा नाकारली तर पुढच्या फेरीत पुन्हा संधी मिळेल असे धरून चालू नका.

प्रवर्ग निवडताना विचार करा. मूल दिव्यांग आहे आणि जातीचा दाखलाही आहे, अशा वेळी जो कागद पक्का, मुदतीतला आणि नावानिशी जुळणारा आहे त्यावर अर्ज करा. एकाच मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात.

पत्त्यासाठी रेशन कार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, वीजबिल, घरपट्टी, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक यांपैकी त्या वर्षीच्या सूचनांत असलेले कागद चालतात. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार समिती मानत नाही, आणि सोडत लागल्यावर धावपळ करून नोंदवलेल्या कराराचा उपयोग होत नाही.

नंबर लागल्यावर

एसएमएसवर विसंबू नका. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्थिती स्वतः पाहत राहा. निवड यादीत नाव आले की प्रवेशपत्र आणि हमीपत्र छापून घ्यायचे आणि ठरलेल्या मुदतीत तालुका किंवा वॉर्ड पातळीवरच्या पडताळणी समितीकडे मूळ कागद आणि छायाप्रती घेऊन जायचे. समितीने पोर्टलवर नोंद केली की मग शाळा. आधी शाळेत जाऊन ‘जागा धरून ठेवा’ म्हणण्यात वेळ घालवू नका, समितीच्या नोंदीशिवाय शाळेला काही करता येत नाही. प्रतीक्षा यादीत असाल तर पुढच्या फेऱ्या संपेपर्यंत पोर्टल पाहणे सोडू नका. आणि सोडत ही सोडतच असते: दिव्यांग म्हणून अर्ज केला म्हणजे जागा मिळालीच असे नाही. दुसरी सोय हाताशी ठेवा.

शाळेत काय ऐकायला मिळते आणि त्यावर काय म्हणायचे, हे आधी माहीत असलेले बरे.

‘मुलाला आधी भेटू, थोडी चाचणी घेऊ.’ आरटीईच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवेश झाल्यावर मुलाला कशी मदत लागेल हे समजून घ्यायला शिक्षिका भेटली तर चांगलेच आहे, पण ती भेट प्रवेशानंतर.

‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही.’ हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यायला, इमारत वापरण्याजोगी करायला आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक पातळीवर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे.

‘शासनाकडून पैसे आले नाहीत, तोवर तुम्ही भरा.’ शासन शाळेला सरकारी शाळेतला दरडोई खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम देते. महाराष्ट्रात हा आकडा अलीकडची काही वर्षे १७,६७० रुपये होता. ही रक्कम उशिरा येते आणि शाळांची त्याबद्दलची तक्रार खरी आहे. पण तो हिशेब शाळा आणि शासन यांच्यातला आहे. मुलाकडून फी मागता येत नाही, निकाल अडवता येत नाही, मुलाला वर्गाबाहेर बसवता येत नाही. नियमांप्रमाणे पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत आहेत, आणि दिव्यांग मुलाला त्याला लागणारे विशेष शैक्षणिक साहित्यही.

‘शॅडो टीचर तुम्ही ठेवा, तरच घेऊ.’ हा सगळ्यात कठीण प्रसंग. मुलासोबत दिवसभर बसणाऱ्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही, आणि शाळा त्याचाच फायदा घेतात. पण आरटीईचे कलम ३ म्हणते की प्राथमिक शिक्षणापासून मूल दूर राहील असा कोणताही खर्च त्याच्यावर लादायचा नाही. म्हणून सोबत माणूस देणे ही प्रवेशाची अट होऊ शकत नाही, एवढ्यावर ठाम राहा. तुम्हाला परवडत असेल आणि मुलाच्या हिताचे वाटत असेल तर स्वखुशीने ठेवा, पण ‘अट म्हणून नाही’ हे लेखी कळवून मगच.

पहिल्या आठवड्यातले पत्र

प्रवेश झाला की मुख्याध्यापकांना एक पत्र द्या. तोंडी बोललेले जूनमध्येच विरते आणि वर्गशिक्षिका बदलली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पत्रात मुलाचे वैद्यकीय वर्णन नको, वर्गात काय करावे ते लिहा. ऐकण्यात अडचण असलेल्या मुलासाठी ते असे असेल:

‘माझ्या मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते व ती श्रवणयंत्र वापरते. तिला पहिल्या दोन बाकांत, खिडकीच्या बाजूला बसवावे, म्हणजे शिक्षिकेच्या चेहऱ्यावर उजेड राहील. फळ्याकडे तोंड करून बोललेले तिला समजत नाही. गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा. श्रुतलेखनाच्या वेळी शब्द तिच्यासमोर उभे राहून उच्चारावा. यंत्राची जास्तीची बॅटरी तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार या सोयी मिळाव्यात, ही विनंती. सोबत प्रमाणपत्राची प्रत.’

मुलाला फिट येत असेल तर फिट आल्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही (तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचे नाही, कुशीवर वळवायचे, वेळ मोजायची), किती मिनिटांनंतर रुग्णालयात न्यायचे आणि कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांच्या सहीनिशी द्या. स्वच्छतागृहात मदत लागत असेल तर ती कोण करणार त्या व्यक्तीचे नाव ठरवून घ्या. प्रत्यक्षात पुष्कळ मुलांची शाळा अभ्यासामुळे नाही तर या एका गोष्टीमुळे सुटते, आणि संकोचापायी तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर शाळेचा शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणा. शाळा पोच देत नसेल तर तेच पत्र ईमेलने किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पुढे तक्रारीची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

एक धोका फार जपण्यासारखा आहे. काही शाळा रोज अकरा वाजता फोन करतात: ‘आज रडतोय, घेऊन जा.’ मग अर्धा दिवस ठरून जातो, मग आठवड्यातून तीन दिवस, आणि वर्षाच्या शेवटी ‘त्याचे इथे होत नाही, तुम्हीच दाखला काढा’ असे सुचवतात. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आरटीईचे कलम १६ स्पष्ट आहे. म्हणूनच शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज पालकांच्या हातून लिहवून घेण्याचा प्रयत्न होतो. तो अर्ज दिला की आरटीईची जागा गेली. पुन्हा या योजनेतून अर्ज करता येत नाही, आणि दुसऱ्या खासगी विनाअनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क कायद्यात नाही. आरटीईच्या कलम ५ मधली बदली सरकारी व अनुदानित शाळांपुरती आहे. घर बदलण्याचा विचार असेल तेव्हाही हे ध्यानात ठेवा. घरी बोलावण्याचा प्रत्येक फोन वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

तक्रार कुठे

आधी शाळेला लेखी. मग ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. आरटीईच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावरचे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. सोयी नाकारणे, भेदभाव, अपमान अशा बाबी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे मांडा. तिथे २०१६ चा कायदा लागतो आणि त्याच्या कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत, नंतरच्या उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. तक्रार एका पानाची ठेवा: काय झाले, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाविरुद्ध, काय हवे. ‘काय हवे’ ही ओळ बहुतेक तक्रारींत नसते आणि अधिकारी ‘चौकशी करावी’ एवढा शेरा मारून कागद पुढे ढकलतात. ‘मुलाला १५ तारखेपासून पूर्ण वेळ वर्गात बसू द्यावे’ असे लिहिले तर त्यांना उत्तर द्यावे लागते. कागद पुढे सरकला नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते.

विशेष शाळेचा रस्ता

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे. आरटीईची मोफत जागा आठवीला संपते, हा हक्क अठराव्या वर्षापर्यंत चालतो. अनुदानित विशेष शाळेत सोडत नसते. थेट शाळेत जायचे, प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार आणि फोटो द्यायचे. निवासी शाळेत राहणे-जेवणही मोफत असते. वयाची मुदत निघून गेली, सोडतीत नाव आले नाही किंवा मूल मधल्या वयाचे आहे, तेव्हा हा रस्ता उघडा असतो. जिल्ह्यातल्या शाळांची यादी जिल्हा परिषदेत दिव्यांगांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात मिळते.

निवड करताना शाळेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याची मुदत पाहा. ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ यातला फरक विचारा, दुसऱ्या प्रकारात फी असते. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का विचारा. कर्णबधिर मुलासाठी शाळा खुणांच्या भाषेत शिकवते की बोलण्यावर भर देते हे वर्गात बसून पाहा, मुलाचे पुढचे सगळे शिक्षण त्यावर ठरते. निवासी शाळेत रात्री मुलांजवळ कोण असते, आजारी मुलाला कुठे नेतात, घरच्यांना कधीही भेटता येते का, हे न संकोचता विचारा. भेटायला ठरावीक दिवसाशिवाय मनाई असेल तर मूल तिथे ठेवू नका.

मूल फारच तीव्र किंवा बहुविकलांग असेल आणि रोज शाळेत जाणे शक्य नसेल, तर घरी शिक्षण मागण्याचा हक्क आरटीईच्या त्याच २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. गटसाधन केंद्रात चौकशी करा. समग्र शिक्षा योजनेतला विशेष शिक्षक घरी येतो. मात्र त्या योजनेतली दिव्यांग मुलांसाठीची साधने आणि भत्ते सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहेत. खासगी विनाअनुदानित शाळेत आरटीईतून गेलेल्या मुलाला श्रवणयंत्र किंवा चाकाची खुर्ची हवी असेल तर दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत अर्ज करावा लागतो. तिथे उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला तेव्हा लागेल.

सातवी संपत आली की नववीचा विचार सुरू करा. आठवीनंतर त्याच शाळेत राहायचे तर पूर्ण फी लागते, आणि ती अनेकांना परवडत नाही. नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर. जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत जागा आहे का हे आठवीच्या दिवाळीत विचारून ठेवा, आणि तात्पुरते प्रमाणपत्र असेल तर त्याच सुट्टीत फेरतपासणीही उरकून घ्या.